चौथा खण

बेबाबाईबद्दल लिहायचं म्हणजे आधी माझी चूक सांगावी लागते. ती सांगून टाकते, म्हणजे पुढे बोलायला मोकळी. आमच्या दवाखान्याचं नाव मात्र सांगणार नाही. धुळे जिल्ह्यातलं सरकारी रुग्णालय आहे, तीस खाटांचं, एवढं पुरे. चूक माझी होती, उगाच गावाचं नाव कशाला खराब करू?

मी किरण. बायकांच्या वॉर्डची सिस्टर. माहेर पहूरचं, म्हणजे पार जळगावच्या टोकाकडचं. आमच्याकडची बोली वेगळी आणि इकडची अहिराणी वेगळी. बदली होऊन आले तेव्हा अर्धं बोलणं डोक्यावरून जायचं. त्यात माझा राग नाकावर. पेशंटने एकदा सांगितलेलं मला कळलं नाही की मी चिडायची, आणि मी चिडले की पेशंट गप्प व्हायची. अशा वेळी मध्ये पडायची ती बेबाबाई.

बेबाबाई आमच्या वॉर्डची मावशी. फरशी पुसणे, चादरी बदलणे, भांडी उचलणे हे तिचं काम. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटकुळी, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. सगळे तिला अक्का म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सुरतेला मिलमध्ये. घरी ती आणि तिची बकरी. बकरीचं नाव मोगरी. या मोगरीने दोन वर्षं आम्हाला पिडलं होतं. मोगरीने बाभळीच्या शेंगा खाल्ल्या, मोगरी शिंकली, मोगरीने रेशनकार्डाचा कोपरा चावून टाकला. सकाळी सहाला ड्युटीवर आलं की आधी मोगरीची बातमी, मग वॉर्डची. मी कितीदा म्हटलं, अक्का, तुझ्या बकरीला इथे खाट देऊ का? तर हसायची आणि बादली उचलायची.

मग तो कागद आला. दुखण्याचा कागद. वरून हुकूम निघाला की प्रत्येक पेशंटला दुखणं किती आहे ते विचारायचं आणि चारपैकी एका खणात खूण करायची. सौम्य, मध्यम, तीव्र, असह्य. मला कागदांचा आधीच वैताग, त्यात हा एक वाढला. पण विचारायला लागले. आणि सांगते, वर्षभराचा गठ्ठा काढून बघा, चौथा खण कोरा. कुणाला विंचू चावलेला, कुणाचा हात मोडलेला, कुणी अडलेली. किती दुखतं म्हटलं की एकच उत्तर, थोडंसं. दातावर दात आवळून, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि थोडंसं.

बेबाबाईला वाचता येत नाही. एकदा तिने कागदावर बोट ठेवून विचारलं की हे चार डबे कसले. मी वाचून दाखवले. चौथ्याशी ती अडली. असह्य म्हणजे काय? मी म्हटलं, जे सहनच होत नाही ते. तिने पोछा भिंतीला टेकवला आणि विचारात पडली.

"जेले सहन व्हस नही तो मरी जास, शिस्टर," ती म्हणाली. "जो जित्ता शे तेले सहन व्हयनंच ना? मंग हाऊ खण कोनाकरता?"

मी म्हटलं, अक्का, तुझं तत्त्वज्ञान बाजूला ठेव, आठ नंबरची चादर बदल. पण खरं सांगू, चादर बदलून झाली तरी मी तेच घोळवत होते. जिवंत माणूस असह्य म्हणतो म्हणजे खोटंच बोलतो की काय? तो प्रश्न डोक्यात कुसळासारखा रुतून बसला.

त्या महिन्यात योगराज सर रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले. शिंदखेड्याच्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. गोळ्या पाच मिनिटांत मिळतात, पण सर तासभर बसतात. मी त्यांना असह्य या शब्दाचा अर्थ विचारला. माणूस असा खुलला की रक्तदाब पुन्हा मोजावा लागला असता.

सर म्हणाले, मुळात सह् हा धातू. जुन्या धातुपाठात त्याचा अर्थ दिलाय मर्षण, म्हणजे सोसून घेणं, क्षमा करणं. त्याला य लागला की सह्य, सोसण्याजोगं. सुरुवातीला अ जोडला की असह्य. एवढं पाचवीच्या पोरालाही सांगता येतं. पण आणखी मागे वेदापर्यंत गेलं तर सह् म्हणजे नुसतं सोसणं नाही. सह् म्हणजे जिंकणं, वरचढ होणं. सहस् म्हणजे बळ, आणि आपलं साहस त्याच घरचं. सोसणं हा अर्थ नंतर जास्त रुळला. मी विचारलं, सर, मग सह म्हणजे सोबत, त्याचंही नातं का? तर एकदम कडाडले. तो शब्द वेगळा, कीर्तनकार दोन्हींची गाठ मारतात, आपण मारायची नाही.

मग बेबाबाईचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला. जिवंत माणसासाठी हा खण कशाला? सरांनी गोळ्यांची पुडी हातात फिरवली. मग म्हणाले, "असह्य म्हणजे ज्याने माणूस मेला ते नव्हे. ज्याच्यावर एकट्याचं बळ चालत नाही ते. हा शब्द मेलेल्याचा नाही, हाक मारणाऱ्याचा आहे. आणि बाई, हे शेवटचं माझ्या पदरचं, कोशात शोधू नका."

हे बेबाबाईला सांगायचं मी ठरवलं होतं. पण वॉर्डच्या धबडग्यात राहून गेलं. राहून जायला नको होतं.

आता माझी चूक.

एप्रिलचा महिना, दुपारची वेळ. दिपमाला नावाची पोरगी आली. वीस-एकवीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. साक्रीच्या पुढच्या डोंगराकडच्या गावची. नवरा ऊसतोडीला गेलेला, म्हणून सासरा घेऊन आलेला, झुलाल आबा. डोक्यावर टोपी, हातात काठी, माणूस भला. सुनेच्या पायाशी खाट धरून उभा. पोरीने पदर नाकापर्यंत ओढलेला. मी कागद काढला आणि विचारलं, कितपत दुखतंय? ती पदराआडून म्हणाली, थोडंसं. मी मध्यमवर खूण केली, तेही मोठ्या मनाने. पोटदुखीचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, डॉक्टर राउंडला येतील तेव्हा बघतील.

बेबाबाई तिथेच फरशी पुसत होती. ती थांबली. पोरीला विचारलं, "तुना घर म्हैस शे का वं?" उत्तर नाही. "धार कोन काढस?" तरी उत्तर नाही. मला वाटलं, झालं हिचं सुरू, मोगरीनंतर आता म्हशी. तेवढ्यात बेबाबाईने पोछा खाली ठेवला आणि झुलाल आबांना म्हणाली की पोरीला बिस्किटपुडा आणा, समोरच्या दुकानात मिळतो. आबा बिचारे काठी टेकत निघाले. ते दाराबाहेर पडले तशी बेबाबाईने पडदा ओढला आणि पोरीच्या तोंडाशी कान नेला. अर्धा मिनिट असेल. पडद्याबाहेर आली आणि मला म्हणाली, "चौथा खण, शिस्टर."

मला राग आला. वीस वर्षं नोकरी माझी, आणि फरशी पुसणारी बाई मला खण सांगते. मी म्हटलं, अक्का, डॉक्टर तू का मी? ती म्हणाली, दोघीही नाही, म्हणूनच बलाव त्यांना. आणि माझी वाट न बघता स्वतःच गेली.

आमचे डॉक्टर भूषण, तिशीचे, तेव्हा जेवत होते. डबा तसाच टाकून आले. पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. पोट फळीसारखं घट्ट झालं होतं. गाडी बोलावली, सलाईन लावली, धुळ्याला पाठवलं. तिथे त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. आतड्याजवळचं अपेंडिक्स फुटलेलं होतं. पोरगी वाचली. पण आणखी काही तास गेले असते तर सांगता आलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी फोनवर कळवलं.

गाडीत बसण्याआधी झुलाल आबा बिस्किटपुडा हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले होते. त्यांना कुणावर रागवावं ते कळत नव्हतं. "मी इचारं व्हतं, बाई," ते म्हणाले. "थोडंसं आसंच बोलनी ती."  मीही तसंच विचारलं होतं. सासऱ्यासमोर. इकडच्या घरांत जुन्या वळणाची सून सासऱ्यासमोर मोठ्याने बोलत नाही, आणि देहाचं तर नाहीच नाही. तिचं म्हणणं सासू किंवा जाऊ पुढे पोचवते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून मी ते विसरले, कारण मला कागद भरायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी बेबाबाईला चहा घेऊन जवळ बसवलं. विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, म्हशीवरून. जी बाई दवाखान्यात पडल्या पडल्या म्हशीची चौकशी करते, धार कोण काढेल म्हणून कुरकुरते, तिला अजून वेळ आहे. जिला म्हैस आठवत नाही, तिला आधी बघायचं. हे तुला कुणी शिकवलं म्हटलं, तर म्हणाली, सासऱ्याने.

मग जे सांगितलं ते तिने चहा पीत पीत, बशीत फुंकर मारत सांगितलं. मी तेवढ्याच साध्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करते.

तिचं पहिलं बाळंतपण. सासू बाजाराला गेलेली, नवरा कामावर, घरात ती आणि अंगणात सासरा. दुपारी कळा सुरू झाल्या. दाराआडून कण्हल्याचा आवाज आला म्हणून सासऱ्याने बाहेरून विचारलं, जास्ती दुखस का, गाडी जुपू का? निरोप पोचवायला मध्ये कुणीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याला थेट उत्तर द्यायची वेळ आली. ती दाराआडून म्हणाली, थोडंसं. सासऱ्याला वाटलं, वेळ आहे, सासू येऊ दे. बैल तसेच बांधलेले राहिले. सासू आली तेव्हा मुलगी झालेली होती. तासाभरात गेली.

पुढे घरातले म्हणायचे, सांगितलं असतंस तर गाडी जुंपली असती. "मी सांगं व्हतं ना," बेबाबाई मला म्हणाली. "थोडंसं सांगं व्हतं. मन्हाजवळ त्यानापेक्षा मोठा शब्द नव्हता."

माझ्या हातातला चहा गार झाला. मी एरवी रडत नाही, पण त्या दिवशी औषधाच्या कपाटामागे जाऊन उभी राहिले.

सासरा तिला एक शब्द बोलला नाही. पुढच्या आठवड्याच्या बाजाराला गेला आणि खांद्यावर बकरीचं पिल्लू टाकून आला. तिच्या दाराशी बांधलं आणि निघून गेला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शेतातून आला की अंगणातून मोठ्याने विचारायचा, "बकरीनी खादं का?" आणि ती दाराआडून म्हणायची, "खादं." बस, एवढंच. सगळ्या गावाला वाटायचं, म्हाताऱ्याला बकरीचं वेड लागलं. एका संध्याकाळी त्याने विचारलं आणि आतून उत्तर आलं नाही. त्याने दुसऱ्यांदा विचारलंच नाही. बैल सोडले होते ते परत जुंपले, बायकोला हाक मारली आणि तापाने फणफणलेल्या सुनेला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मरेपर्यंत सासरा-सुनेचं बोलणं झालं ते तेवढंच, बकरीचं. मोगरी त्याच बकरीच्या वंशातली. कितवी पिढी ते बेबाबाईलाही सांगता येत नाही.

तेव्हापासून मी मोगरीची बातमी निमूट ऐकायला लागले. आणि कागद भरायची रीत बदलली. आधी घरच्यांना बाहेर पाठवायचं, मग गाय, म्हैस, कोंबडी, जे असेल त्याची चौकशी करायची, मग दुखणं विचारायचं. डॉक्टर भूषणही शिकले. एका म्हातारीला त्यांनी तुमच्या कोंबड्या किती असं विचारलं तेव्हा ती घाबरली, तिला वाटलं साहेब मागतायत की काय. पण चौथा खण भरायला लागला. बायका स्वतः सांगत नसत, बेबाबाईच्या कानात सांगत आणि ती मला बोट दाखवी. वाचता येत नसलं तरी चौथा कुठला ते तिला बरोबर माहीत होतं.

गेल्या माघातली गोष्ट. एके दिवशी दुपारी जेवताना माझ्या लक्षात आलं की वॉर्ड फार शांत वाटतोय. कशामुळे ते कळेना. संध्याकाळी घरी भाजी निवडताना एकदम डोक्यात आलं, आज मोगरी आली नाही. कालही नाही. परवा? परवाही नाही. तीन दिवस बेबाबाईने बकरीचं नाव काढलं नव्हतं, आणि मी, शहाणी, दोनशे बायकांना म्हशी विचारत फिरत होते.

सकाळी गेले ती थेट तिच्यापाशी. ती वाकून पुसत होती, पण एक हात पदराखाली बरगडीशी धरलेला. डोळे पिवळट. मी हाताला धरून खाटेवर बसवलं तर उठायला बघते. डॉक्टर भूषण आले. त्यांनी प्रेमाने विचारलं, अक्का, किती दुखतंय? बेबाबाईने पदर पुढे ओढला. लेकाच्या वयाचा डॉक्टर, पण तिच्या लेखी तो साहेब, वडीलधारा पुरुष.

"थोडंसं, साहेब."

मी म्हटलं, साहेब, तुम्ही जरा चहा घेऊन या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि गेले. शहाणा मुलगा. मी पडदा ओढला आणि तिच्या शेजारी बसले.

"अक्का, बकरीनं खाल्लं का?"

ती बोलली नाही. भिंतीकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही, कारण पुन्हा विचारायचं नसतं. कागद काढला. म्हटलं, मी चौथ्यावर खूण करते. तर तिने माझा हात धरला. म्हणाली, नको. त्या खणात गेलं की धुळ्याला पाठवतात, पोट फाडतात, लोकांना त्रास, लेकाला सुरतेहून यावं लागतं. आणि शेवटी तेच जुनं, "जित्ती शे ना मी. सहन व्हयनंच ना."

मला असा राग आला की काय सांगू. माझ्या आईवरही मी इतकी चिडले नसेन. मग योगराज सर आठवले, आणि जे दीड वर्षापूर्वी सांगायचं राहिलं होतं ते मी त्या पडद्याआड सांगितलं. सांगितलं की अक्का, हा खण मेलेल्यांचा नाहीच. फार जुन्या काळी सहन करणं म्हणजे जिंकणं होतं. असह्य म्हणजे जे एकटीला जिंकता येत नाही ते. गाडी जुंपायला दुसरं माणूस लागतं, बैल लागतात, म्हणून ओरडून सांगायचं ते. तुझा सासरा अंगणातून रोज हाच शब्द विचारत होता, फक्त त्याच्याजवळही तो नव्हता, म्हणून बकरीचं विचारायचा.

तिने पदर मागे सारला. डोळे भरले, पण पाणी खाली पडलं नाही.

"गाडी जुपशीन का, किरण?" तिने विचारलं. त्याआधी तिने मला कधी नावाने हाक मारली नव्हती.

मी म्हटलं, जुंपते. तिने माझ्या हातातला पेन घेतला. पेन कसा धरायचा तेही तिला नीट येत नव्हतं, विळ्यासारखा मुठीत धरला, आणि चौथ्या खणात एक रेघ ओढली. रेघ खणाबाहेर गेली, खालच्या ओळीवर, माझ्या सहीच्या जागेपर्यंत.

पित्ताशयात खडे होते आणि एक पुढे सरकून वाट अडवून बसला होता. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात तिला नेलं. मी रजा टाकून बरोबर गेले. मुलगा सुरतेहून निघाला होता. ऑपरेशन बराच वेळ चाललं. मी बाहेर बाकावर बसून जे जे देव आठवले त्यांना शिव्या दिल्या आणि नंतर त्यांचीच माफी मागितली. मध्येच बेबाबाईच्या शेजारणीला, अकबरी चाचीला फोन केला. चाची म्हणाली, बकरीची काळजी करू नका, ती माझ्या ओट्यावर बसून माझीच कडुनिंबाची फांदी खातेय.

बेबाबाई शुद्धीवर आली तेव्हा ओठ कोरडे पडलेले, अंगावर नळ्या. डोळे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. तिला मी दिसले की नाही कुणास ठाऊक. मी खाली वाकले. तिथली एक सिस्टर तिला विचारत होती, आजी, दुखतंय का, किती दुखतंय? बेबाबाईने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. मान माझ्याकडे वळवली आणि पार खोल गेलेल्या आवाजात विचारलं,

"मोगरीनी खादं का?"

मी म्हटलं, "खाल्लं गं अक्का, खाल्लं," आणि परक्या दवाखान्यात, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडले. ती सिस्टर घाबरून कागद घेऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, लिहा बाई, सौम्य लिहा.